धामणखोंड्याचा नववा दगड

१

नवव्या किलोमीटरचा दगड जागेवर नव्हता.

कोंडीराम गायकवाड मुकादम सकाळी सात वाजता रस्ता बघत बघत वर आला आणि तिथेच थबकला. आपण चुकून पुढे आलो की काय म्हणून तो शंभर पावलं मागे गेला, पुन्हा पुढे आला. मोरी तीच होती, मोहाचं वाकडं झाड तेच होतं. दगड तेवढा नव्हता.

सन १९६६ चा डिसेंबर. मैल जाऊन किलोमीटर आले होते, आणि कर्जतपासून धामणखोंड्याच्या ठाकूरवाडीपर्यंतचा रस्ता दोन वर्षं रखडून अखेर पुरा झाला होता. शेवटची खडी या नवव्या दगडापाशी संपत होती. हा दगड कोंडीरामाने स्वतः रोवला होता, वर पांढरा रंग दिला होता, काळ्या रंगाने नऊचा आकडा काढला होता. येत्या सोमवारी एस.टी.चे साहेब जीप घेऊन रस्ता बघायला येणार होते. नवव्या दगडापर्यंत रस्ता धड दिसला तर नव्या वर्षापासून वाडीला गाडी सुरू होणार होती. रोज दोन फेऱ्या.

कोंडीराम खाली बसला. दगडाच्या जागी खड्डा नव्हता. कुणीतरी तो बुजवून, माती ठोकून, वर गवताची ढेप नीट बसवली होती. हात फिरवल्याशिवाय कळलंसुद्धा नसतं. चोरी केल्यावर खड्डा बुजवत बसणारा चोर त्याने आजवर पाहिला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी दगड होता. बुधवारी कर्जतचा बाजार, म्हणून मुकादम धरून चौघांच्या रस्ता-गँगला सुट्टी. आज गुरुवार. म्हणजे जे झालं ते काल झालं.

अडतीस वर्षांचा कोंडीराम बारा वर्षं बांधकाम खात्याच्या रस्त्यावर होता. त्याच्या वाडीतला सरकारी नोकरी लागलेला तो पहिला माणूस. छप्पन साली त्याच्या त्या वाडीने बुद्धाची दीक्षा घेतली, त्याच्या आधीपासून तो मुकादम होता. त्याच्या हाताखाली काम करायला सुरुवातीला दोघांनी नकार दिला होता, तेही त्याने पाहिलं होतं. त्यामुळे हवाली केलेली वस्तू गहाळ झाली असं आपल्या नावावर एकदाही लागू नये, याला तो जिवापाड जपे.

दहाच्या सुमाराला ओव्हरसियर गुप्ते सायकलवरून आले. माणूस सरळ, पण कायम घाईत. त्यांनी रिकामी जागा पाहिली, काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात वाडीच्या बाजूने कोंडाजी शेठचा ड्रायव्हर धापा टाकत खाली आला. दगड सापडला होता. वाडीच्या देवराईत, देवांच्या ओळीत. आणि त्याला शेंदूर फासलेला होता.

२

देवराईत आधीच दहा-पंधरा माणसं जमली होती, पण कुणी जवळ जात नव्हतं. जुन्या आंब्याखाली वाघोबाचा दगड, त्याच्या शेजारी वाडीचे आणखी तीन देव, आणि त्यांच्या टोकाला उभा केलेला हा पाहुणा. वरपासून खालपर्यंत लाल, तेलकट. लालीखालून नऊचा आकडा पुसट दिसत होता.

पहिल्यांदा तो पाहिला कोंडाजीने. कोंडाजी शेठ म्हणजे या भागातला व्यापारी. वाडीचा हिरडा, मध, जळण तो जाग्यावर विकत घेई आणि आपल्या तीन चाकी टेंपोतून कर्जतला नेई. आजही तो हिरडा बघायला आला होता.

"अहो साहेब, जंगलातली माणसं ही," कोंडाजी गुप्त्यांना समजावत म्हणाला. "आकडा रंगवलेला दगड दिसला, वाटला देव. यात नवल ते काय?"

गुप्त्यांना ते पटलं. त्यांनी वाडीचा कारभारी चांगो याला विचारलं. चांगो साठीचा, काटक, कमी बोलणारा. आम्ही आणला नाही, एवढंच तो म्हणाला. आणि सकाळी दिसला तेव्हा हात का लावला नाही असं विचारल्यावर, सरकारचा दगड म्हणून भ्यालो, असं म्हणाला. गुप्त्यांनी ऐकलं आणि वहीत लिहायला घेतलं. वाडीच्या लोकांनी सरकारी मालमत्तेची नासधूस केली, असा अहवाल जाणार होता. असा अहवाल गेला की एस.टी.चे साहेब गाडी देणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिथे रस्त्याचा दगड टिकत नाही तिथे गाडीची काच कशी टिकेल, असंच ते म्हणणार.

कोंडीराम दगडापाशी उकिडवा बसला होता. त्याने बोटाने लाली खरवडली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग शेजारच्या वाघोबाकडे पाहिलं.

"साहेब," तो उठत म्हणाला, "अहवाल सोमवारपर्यंत तुमच्या पिशवीत ठेवा. दगड माझ्या हवाली होता. मला चार दिवस द्या."

गुप्त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. बारा वर्षांत या माणसाने कधी काही मागितलं नव्हतं. सोमवारी सकाळी नऊपर्यंत, असं म्हणून त्यांनी वही मिटली.

कोंडीरामाने दगड हलवू दिला नाही. होता तसाच राहू दे, म्हणाला. त्याच्या बोटावर जे लागलं होतं ते शेंदूर नव्हतंच.

३

सगळे पांगल्यावर त्याने चांगोला तेवढं थांबवून घेतलं आणि दोन्ही लाल्या शेजारी शेजारी दाखवल्या. वाघोबावरचा शेंदूर नारिंगी, उजळ, पिठासारखा मऊ. नवव्या दगडावरची लाली विटकरी, खरखरीत.

"गेरू हाय ह्यो," चांगो लगेच म्हणाला. "सकाळीच वळखला मी."

"मग साहेबापुढं बोलला का नाय?"

"आमी बोललेलं कुनी लिवून घेतंय का?"

हे वाक्य त्याने आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेलं होतं.

चांगोने घरी नेऊन त्याला पाणी दिलं. अंगणात त्याची सून जना हिरडा पसरत होती. गेल्या वर्षी ती बाळंतपणात अडली म्हणून तिला झोळीत घालून कर्जतला नेत होते; सहाव्या दगडापाशी पोचेपर्यंत मूल गेलं. चांगोने हे सांगितलं ते हिरड्याचा भाव सांगावा तसं, आवाज न चढवता. मग म्हणाला, गाडीच्या अर्जावर वाडीतल्या एकूण एक माणसाचा अंगठा आहे. ज्या दगडापाशी गाडी उभी राहणार तो दगड आम्ही कशाला उपटू?

काल बुधवारी वाडीत कोण होतं, असं कोंडीरामाने विचारलं. कुणीच नाही. सगळे बाजाराला गेले होते. मागे राहिली ती फक्त आवडी, चांगोची म्हातारी चुलती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

आवडी ओसरीवर ऊन खात बसली होती. तिने ऐकलेलं नीट सांगितलं. दुपारी जेवणानंतर राईकडे एक चाक कुरकुरत गेलं आणि मग कुरकुरत परत आलं. टेंपो नव्हे, टेंपो फटफटतो. बैलगाडी नव्हे, बैलांचा श्वास तिला लांबून ऐकू येतो. एकच चाक होतं, आणि जाताना जड होतं, येताना हलकं.

कोंडीरामाने तिचे आभार मानले आणि तो रस्त्याला लागला. एका चाकाची ढकलगाडी या नऊ किलोमीटरांत एकच होती. ती त्याच्या स्वतःच्या गँगची होती.

४

गँगची चौकी सहाव्या दगडापाशी, फाट्यावर. पत्र्याच्या त्या खोपटात ढकलगाडी, पहारी, घमेली आणि रस्त्याकडेच्या झाडांना पट्टे मारायचा चुना आणि गेरू असे. कुलूप होतं, पण किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवायची पद्धत होती आणि ती फाट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. ही ढिलाई आपलीच, असं कोंडीराम मनाशी म्हणाला. गेरूचं पोतं सुटलेलं होतं.

म्हणजे कुणीही असू शकत होतं. पण 'कुणीही' म्हणताना सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येईल हे त्याला कळत होतं, आणि त्याच्याही मनात तेच होतं. वाडीला गाडी आली की चांगो आणि त्याची माणसं माल स्वतः कर्जतला नेणार, चार ठिकाणी भाव विचारणार. नुकसान कोंडाजीचं. दगड 'सापडला' तोही कोंडाजीलाच.

शुक्रवारी तो कोंडाजीच्या कर्जतच्या दुकानात गेला. कोंडाजीने त्याला बाकावर बसवलं आणि कशासाठी आलास ते ओळखलं.

"माझ्यावर डोळा हाय तुझा," तो शांतपणे म्हणाला. "गाडी आली तर मला तोटा होईल, खोटं नाय बोलत. पन टेंपोला चाकं हायत, मुकादम. धामणखोंडा नसंल तर चौक गावाला हायवेवर धावंल. खालापूरला कचेरीचा माल न्यायचा झाला तर तो न्हेऊ. मी एका दगडासाठी सरकारशी कशाला वाकडं घेऊ?"

आणि बुधवारी त्याचा टेंपो, ड्रायव्हर आणि तो स्वतः दिवसभर बाजारात होते. वाडीतली माणसंच तर त्याने वाहून आणली होती. फाट्यावर पदू आणि त्याची बायको ठमी, ही कोंडीरामाच्या गँगमधली दोघं, तीही टेंपोत चढली आणि संध्याकाळी त्याच टेंपोने परतली. बाजारात शंभर लोकांनी त्यांना पाहिलं होतं.

कोंडीरामाची नजर दुकानाच्या फळीवर गेली. हळदकुंकवाच्या डब्यांशेजारी शेंदराच्या पुड्यांची चळत होती. कोंडाजीला दगडावर शेंदूर फासायचा असता तर खिशात एक पुडी टाकली की झालं असतं. गेरू कालवत बसायची त्याला गरज नव्हती.

तो उठला. कोंडाजीने सहज म्हणावं तसं मागून विचारलं:

"बुधवारी सुट्टी दिलीस ना गँगला? मग लडकूला एकट्याला का जुंपलास? तुझी बहीन बिचारी एकटीच भजी तळीत होती नि च्या देत होती. दाजी कुठं म्हनून विचारलं, तर म्हनाली, दादानं कामाला लावलंय."

कोंडीरामाने कुणालाही कामाला लावलं नव्हतं.

५

जानकी त्याची पाठची बहीण. लडकू तिचा नवरा, आणि गँगमधला कोंडीरामाचा सगळ्यात चांगला माणूस. फाट्यावर चौकीसमोर त्यांचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाच्या तीन भिंती, दोन बाकडी, चूल. पण ते चालत होतं. वाडीवरून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका तिथे ओझं टेकत. कर्जतहून येणारी एस.टी. फाट्यापर्यंतच येई आणि तिथून वळे, म्हणून धामणकड्याची लेणी बघायला मुंबईहून येणारी पोरं रविवारी तिथेच उतरत, चहा पीत आणि पुढे तीन किलोमीटर चालत. पहिल्या वर्षी काही लोक जानकीच्या कपाला हात लावत नसत. आता लावत. त्या बाकड्यावर सगळे एकत्र बसत याचं कोंडीरामाला स्वतःच्या नोकरीपेक्षा जास्त कौतुक होतं.

शनिवारी दुपारी तो त्या बाकड्यावर जाऊन बसला. जानकी भजी तळत होती. कढईतलं शेंगदाण्याचं तेल दोन-तीनदा वापरलेलं, त्यात ओवा आणि मिरची उतरलेली. गुरुवारपासून त्याच्या बोटाला जो वास होता तो हाच होता. वाडीत मोहाचं तेल वापरतात; त्याला असा वास येत नाही.

त्याने भजी खाल्ली नाहीत. लडकू आला तेव्हा तो उठून म्हणाला, "चला दाजी, जरा वरपर्यंत जाऊन येऊ."

कामावर तो त्याला लडकूच म्हणे. दाजी घरी. लडकूने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा सारखा करून तो चालू लागला.

सातवा दगड मागे पडला. मग कोंडीरामाने सुरुवात केली, रस्त्याकडे बघत.

"खड्डा ज्यानं बुजवला त्याला ठाऊक व्हतं, की उघडा खड्डा रस्त्याच्या कडंला ठेवायचा नसतो. गुराचा पाय जातो. गवताची ढेप त्यानं अशी बसवली, जशी मी तुमाला शिकवली. राईतले सगळे देव उगवतीला तोंड करून हायत. हा दगड मावळतीला, कर्जतकडं आकडा करून उभा केलाय. दगड रोवताना आकडा कर्जतकडं, ही सवय गँगच्या मानसाची. पदू नि ठमी बाजारात व्हती. मग उरलो दोघं. तुमी नि मी."

लडकूने वाटेतला एक खडा पायाने कडेला सारला.

"पन ते पन जाऊ दे. मी गेरूवर अडलो. वाडीवाल्याकडं शेंदूर हाय, राईतच डबी हाय. कोंडाजीकडं फळीवर चळत हाय. गेरू कोन लावंल? ज्याच्या घरात शेंदूर नाय. दहा वर्षं झाली, आपल्या घरांत शेंदराची पुडी आली नाय. चमक यावी म्हनून कढईतलं तेल घातलंत तुमी."

आठव्या दगडापाशी लडकू खाली बसला. मग त्याने सांगितलं, आणि काहीही लपवलं नाही. गाडी वाडीपर्यंत गेली की फाट्यावर कुणी उतरणार नाही. मुंबईची पोरं थेट लेण्याच्या पायथ्याशी जातील, मोळीवाल्या बायका गाडीत बसून जातील. जानकीने चार वर्षं धूर खाऊन उभं केलेलं ते बाकडं रिकामं पडेल. दगड नसला तर साहेब म्हणेल रस्ता पुरा नाही, आणि निदान उन्हाळा निघेल, एवढाच त्याचा हिशोब होता. दगड आधी त्याने झुडपात टाकला होता. गुराखी बघतील आणि आणून देतील अशी भीती वाटली, म्हणून राईत उभा केला आणि लाल केला. लाल दगडाला कुणी हात लावणार नाही. जानकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. गुरुवारी रात्री तिने विचारलं तेव्हा तिला कळलं.

"वाडीवर आळ येईल हे नवतं मनात," तो म्हणाला.

"आला तवा का गप्प बसलात?"

दगड उपटल्याबद्दल कोंडीरामाला राग आला नव्हता, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. राग होता तो या तीन दिवसांच्या गप्प बसण्याचा. आमी बोललेलं कुनी लिवून घेतंय का, असं चांगो म्हणाला होता. आणि ज्याचं बोलणं लिहून घेतलं गेलं असतं तो माणूस फाट्यावर बसून चहा देत होता.

६

परत येताना जानकी वाटेवर उभी होती. तिने दोघांची तोंडं पाहिली आणि तिला कळलं.

ती भावाशी भांडली नाही. नोकरी जाईल यांची, म्हणाली. तू सांगितलं नाहीस तर गुप्ते साहेबांना कधीच कळणार नाही, हेही म्हणाली, आणि ते खरं होतं. कोंडाजीवर ढकललं तरी लोकांना पटेल. वाडीवर तर पटलंच आहे.

"म्हनूनच," कोंडीराम म्हणाला.

"तू माझा भाऊ हायस का सरकारचा?"

लहानपणी ज्या विहिरीवर या दोघांना पाणी भरू देत नसत, तिची कोंडीरामाला आठवण झाली. पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं; तिला ते त्याच्याइतकंच आठवत असणार. तो घरी गेला.

रविवारी सकाळी लडकू आपणहून वाडीवर गेला. कोंडीराम सोबत होता, पण बोलला लडकूच. चांगोने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने चौघांना हाक मारली, आणि त्या चौघांनी लडकूसोबत दगड ढकलगाडीवर चढवून रस्त्यावर आणला. लडकूने तो चुन्याच्या निवळीने घासून धुतला, पुन्हा रोवला आणि पांढरा रंग दिला. वाळल्यावर कोंडीरामाने नऊचा आकडा काढला. जना कडेला उभी राहून बघत होती. तिने लडकूला पाणी आणून दिलं. त्याने ते प्यायलं, पण मान वर केली नाही.

सोमवारी नऊ वाजता गुप्त्यांनी सगळं ऐकलं, तेही लडकूच्या तोंडून. त्यांनी वहीतला अहवाल फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात वाडीचं नाव नव्हतं. लडकूला गँगवरून कमी केलं. चौकीची किल्ली निष्काळजीपणे ठेवल्याबद्दल मुकादमाला ताकीद मिळाली, आणि त्या वर्षी त्याची बढती व्हायची होती ती राहिली. बारा वर्षांत त्याच्या नावावर लागलेली ही पहिली ओळ. ती लिहिताना गुप्ते थांबले होते, पण कोंडीरामानेच सांगितलं की ती खरी आहे, राहू द्या.

अकरा वाजता जीप आली. एस.टी.चे साहेब उतरले, नवव्या दगडावर पाय ठेवून त्यांनी बुटाची नाडी बांधली, गाडी वळायला जागा आहे का तेवढं पाहिलं आणि निघून गेले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी सुरू झाली.

लडकू म्हणाला होता तसंच झालं. फाट्यावरची गर्दी निम्म्याने कमी झाली. रविवारची पोरं खिडकीतून हॉटेलकडे बघत पुढे जात. मोळीवाल्या बायका मात्र मध्येच कधी गाडी थांबवून उतरत आणि चहा पीत, तेवढ्यावर चूल पेटती राहिली. लडकूला चौकला हायवेवरच्या एका गॅरेजात काम मिळालं. तो तिथेच राही आणि रविवारी संध्याकाळी घरी येई. चौकहून कर्जत, आणि कर्जतहून धामणखोंड्याची गाडी.

जानकी भावाशी बोलत नव्हती. कोंडीराम रोज सकाळी चौकी उघडायला येई. किल्ली आता त्याच्या कमरेला असे. ती चहाचा कप बाकड्यावर ठेवी आणि पाठ फिरवी. तो पिऊन कप विसळून ठेवी. असे चार महिने गेले.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो फाट्याजवळच्या मोरीचं काम बघत होता. संध्याकाळची गाडी साडेपाचची. सहा झाले तरी आली नव्हती. त्याने मान वर केली तर जानकी हॉटेल सोडून रस्त्याच्या मधोमध उभी होती. डोळ्यांवर हात धरून ती कर्जतच्या दिशेने बघत होती. थोडं पुढे गेली, पुन्हा मागे आली. मग त्याच्याकडे वळून, रोज बोलत असल्यासारखी म्हणाली,

"आज गाडीला एवढा उशीर का रं झाला, दादा?"